मिलिंगवर फेसिंग केल्यावर पासच्या मधात रेषा उठून राहिल्या, हेड आउट आहे का?

एमएस_प्लेट
रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आपल्या हिंगणा रोडकडच्या सामायिक वर्कशॉपमधल्या मिलिंगबद्दल लिहून राहिलो. जे मेंबर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जुनी टरेट मिलिंग आहे, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापायची मशीन, मोटर न स्पिंडल (कटर फिरवणारी दांडी) असलेलं वरचं हेड वळवता येते अशी, एमवनटीआर टाइप, २ एचपीची मोटर, सगळं हातानं, पॉवर फीड नाही न डीआरओ (अंतर दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) पण नाही. हँडलचा एक आटा म्हणजे ५ मिमी न हँडलवरच्या डायलची एक रेघ म्हणजे ०.०२.

आज लोहाओळीतून आणलेली एमएसची (साध्या लोखंडाची) प्लेट फेसिंगला, म्हणजे वरची बाजू सपाट करायला, लावली, २०० बाय १२०. फेस मिल ५० चा, इन्सर्टवाला (बदलता येणाऱ्या दातांचा), आरपीएम ६०० च्या आसपास, शेवटचा कट ०.३ घेतला. ४०-४० सरकवत तीन पास (कटरच्या फेऱ्या). दिसायला चकाचक आली पण बोट फिरवलं की दर जोडावर नख अडकते. आधी वाटलं एखादा इन्सर्ट वर बसला असेल, सगळे काढले, बसायची जागा पुसली, परत बसवले, तरी तेच. ही प्लेट मला ड्रिलिंग जिगचा (भोक मारायच्या साच्याचा) बेस म्हणून पाहिजे, बेसच सपाट नसला तर वरचं सगळं डुलते.

गेल्या महिन्यात याच मशीनवर अशीच प्लेट काढली होती तेव्हा काहीच नव्हतं. मधात काय झालं ते कळायला मार्ग नाही, रजिस्टरमध्ये नुसतं नाव न वेळ लिहिली असते. हेड आउट (टेबलाला काटकोनात नाही) असेल तर कसं सेट करायचं ते सांगा, मी आजवर केलं नाही आणि अंदाजानं बोल्ट ढिले करायचे नाहीत म्हणून आधी विचारून राहिलो.

महाल_मेकॅनिक
रविवार, रात्री १०:१५

व्हाइस (जॉब, म्हणजे आपला तुकडा, धरायचा शिकंजा) पाहिला का भाऊ? व्हाइस आवळला की हलणारा जॉ जॉबला उचलते, खालचे पॅरलल (सारख्या उंचीच्या पट्ट्या) हातानं हलले तर समज जॉब बसलाच नाही. आवळल्यावर जॉब मॅलेटनं ठोकून घे न पॅरलल हलवून पाहा. माझं दर वेळी हेच निघते.

जुना_फिटर
रविवार, रात्री ११:०५

महालवाले भाऊ, पॅरललचं बरोबर आहे, पण त्यानं जाडी एका बाजूला कमी-जास्त येईल, पासच्या जोडावर रेघ नाही उठणार. जॉब तिरपा असला तरी कटर एकाच सपाटीत फिरते ना.

एमएस_प्लेट बेटा, घाई करू नको. आधी एक सांग, जोडावर पायरी आहे का बांध आहे? पायरी म्हणजे एका बाजूनं नख सरकते न दुसऱ्या बाजूनं परत येताना अडकते. बांध म्हणजे शेतात दोन वावरांच्या मधात असते तसा, दोन्ही बाजूंनी चढते न दोन्ही बाजूंनी उतरते. पायरी असेल तर हेड समोर-मागे झुकलं आहे, दर पास उतरत्या छपरासारखा कापला जाते. बांध असेल तर हेड डाव्या-उजव्या अंगाला कललं आहे, मग दर पासमध्ये थाळीसारखा खोलगटपणा येते न दोन थाळ्यांच्या काठावर बांध उरते. हे तू टेबल डावी-उजवीकडे चालवलं असं धरून सांगतो.

दुसरं, कटरचे गोल निशाण पाहा. हेड सरळ असलं की पुढचे दात कापतात न मागचे दात हलकेच घासून जातात, म्हणून फुली-फुलीची जाळी दिसते. नुसत्या एकाच बाजूच्या कमानी दिसत असतील तर कटरचा अर्धाच भाग टेकून राहिला.

प्लेटवर स्टीलची पट्टी उभी धर, मागून टॉर्च मार न सांग.

एमएस_प्लेट
सोमवार, सायंकाळी ७:३०

काका, ऑफिसातून थेट वर्कशॉपमध्ये गेलो. बांधच आहे. नख दोन्ही बाजूंनी चढते. पट्टी धरून टॉर्च मारला तर दर पासच्या मधात उजेडाची बारीक फट दिसते न जोडावर पट्टी टेकते. निशाण एकाच बाजूचे, सगळ्या कमानी उजवीकडे तोंड करून, जाळी कुठंच नाही. तुम्ही जागेवर नसताना सांगितलं ते तसंच्या तसं निघालं.

सायकलवेडा
सोमवार, रात्री ८:४०

हे वाचलं न छातीत धस्स झालं. ते मी केलं आहे. दोन आठवड्यांआधी फ्रेमच्या जिगमध्ये १५ अंशाचं तिरकं भोक मारायचं होतं, व्हाइसमध्ये जॉब तिरपा धरता येईना म्हणून हेड वळवलं. काम झाल्यावर हेडवरच्या अंशाच्या पट्टीवर शून्याला शून्य लावलं, डोळा बारीक करून लावलं, चारही नट आवळले न गेलो. मला खरंच वाटलं की शून्यावर आणलं म्हणजे सरळ झालं. कोणाला सांगायला पाहिजे हे डोक्यातच आलं नाही. तुमची प्लेट माझ्यामुळं खराब झाली, नवीन प्लेटचे पैसे मी देतो.

जुना_फिटर
सोमवार, रात्री १०:३०

सायकलवाले भाऊ, तुम्ही सांगितलं हे फार चांगलं केलं, आता अंदाज लावायचं कामच राहिलं नाही. न चूक म्हणाल तर ती पट्टी पाहून कोणालाही तसंच वाटते. हिशोब पाहा. पट्टीवरच्या रेघेचीच जाडी जवळपास अंशाचा दहावा भाग असते. हेड तेवढंच, ०.१ अंश, कललेलं राहिलं तर २०० मिमीच्या अंतरावर फरक येते ०.३५ मिमी. डोळ्याला शून्य दिसते न टेबलावर तीन दशांशाच्या वर फरक असते. ती पट्टी फक्त जवळपास नेऊन सोडायसाठी आहे, खरं शून्य डायलनंच (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळानं) लागते.

आता करायचं कसं ते लिहितो, लांब आहे, सावकाश वाचजा. ३१ वर्षं हेच केलं, तरी दर वेळी याच क्रमानं करत होतो.

पहिले मेन स्विच बंद. व्हाइस उतरवा. टेबल केरोसीननं पुसून कोरडं करा, मग तळहात फिरवा, डोळ्याला न दिसणारा बर (धातूचा उठाव) हाताला लागते, लागला तर तेलाच्या दगडानं हलकेच घासा. नी, सॅडल (टेबलाखालचे सरकणारे भाग), टेबल तिन्ही लॉक करा, क्विल (स्पिंडल खाली-वर नेणारी नळी) आत घेऊन तेही लॉक. स्पिंडल न्यूट्रलला घ्या म्हणजे हातानं फिरते. कोलेटमध्ये (स्पिंडलमधल्या पकडीत) डायलची दांडी धरा, लिव्हरवाला डायल असला तर उत्तम, न दांडी अशी वाकवा की डायलचं टोक मधापासून १०० मिमीवर येईल, म्हणजे फिरवल्यावर २०० चा गोल होते.

डायल थेट टेबलावर फिरवू नका, टी-स्लॉटमध्ये (टेबलावरच्या खाचेत) टोक पडून डायलच खराब होते. एकच ग्राइंड केलेला ब्लॉक घ्या, डावीकडे ठेवून त्यावर काटा शून्य करा, मग टोक उचलून स्पिंडल फिरवा, तोच ब्लॉक उजवीकडे नेऊन वाचा. ब्लॉक तोच पाहिजे, दोन वेगळे घेतले तर त्यांच्यातला फरक तुम्ही हेडचा समजाल. डायलकडं समोरून पाहायचं, उजवीकडं गेल्यावर काटा मागून वाचावा लागत असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहा पण मान तिरपी करून वाचू नका.

आधी नुसतं वाचा न लिहून ठेवा, डावं-उजवं न समोर-मागं. मग हेडचे चार नट. एकदम पूर्ण ढिले करायचे नाहीत, हेड न मोटर मिळून माणसाच्या वजनापेक्षा जड आहे. पाव-पाव आटा समोरासमोरचे, इतकेच की बाजूचा वर्मचा (हेड वळवणाऱ्या गिअरचा) बोल्ट फिरवला तर हेड जड-जड हललं पाहिजे. जेवढा फरक आला त्याच्या निम्मा वर्मनं काढा, परत डावीकडे शून्य, परत उजवीकडे वाचा. एका वेळी नाही जमत, तीन-चार फेऱ्या लागतात, कारण हेडचा फिरायचा मधला बिंदू वर आहे न दोन्ही वाचनं एकदम बदलतात.

आवळताना खरी परीक्षा आहे. एक नट पूर्ण आवळला की हेड तिकडंच ओढलं जाते, म्हणून समोरासमोरचे थोडे-थोडे, दर फेरीला डायल पाहत. शेवटी सगळे घट्ट झाल्यावर जे वाचन येते तेच खरं. २०० च्या गोलात डावं-उजवं ०.०२ च्या आत आलं तर आपल्या कामाला भरपूर झालं.

समोर-मागचे तीन बोल्ट, ते फरक जास्त असला तरच हात लावजा. तिथं हेडचं वजन खाली ओढते, म्हणून नेहमी खालून वर उचलत शून्याला आणायचं, वरून खाली नाही. न दोन माणसं पाहिजेतच, एकट्यानं नाही.

महाल_मेकॅनिक
सोमवार, रात्री ११:२०

काका हे प्रिंट काढून मशीनच्या बाजूला लावतो. मला एक म्हणायचं होतं, रागावू नका कोणी, वर्गणी काढून ही विकून छोटी सीएनसी घ्यावी असं दोन-तीन मेंबर म्हणून राहिले. तिथं हे सगळं करायची गरज नाही पडत असं म्हणतात.

ॲल्युमिनियम_ताई
मंगळवार, सकाळी ८:१०

भाऊ, सीएनसीचंही स्पिंडल सरळ आहे का ते पाहावंच लागते, कॉम्प्युटर असला म्हणून लोखंड आपोआप सरळ नाही होत. आणि आपल्याकडे रविवारी जे येतात ते एक ब्रॅकेट, एक भोक, एक खाच असंच काम घेऊन येतात, एका पीससाठी प्रोग्राम लिहून सेट करेपर्यंत हातानं जॉब होऊन जाते. टरेट मिलिंगचं हे रूप अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात १९३८ साली आलं, आणि हेड कुठंही वळते, रॅम (हेड धरणारा आडवा हात) पुढे-मागे जाते म्हणूनच ते आजपर्यंत दर टूलरूममध्ये उभं आहे. सायकलवेडानं हेड वळवलं ते मशीन त्यासाठीच आहे, फक्त परत आणायची रीत माहीत नव्हती. मी इथंच शिकले, हँडल फिरवताना कटर जड जाऊन राहिला का हलका हे हाताला कळते, ते शिकणं मला सोडायचं नाही.

पण मला या धाग्यावर दुसरीच गोष्ट सांगायची आहे, ती हेडपेक्षा जास्त काळजीची वाटते. कूलर.

एप्रिलपासून दोन्ही डेझर्ट कूलर चालू आहेत, त्यातला खिडकीतला थेट मिलिंगच्या टेबलावर हवा मारते. ४४-४५ मध्ये कूलरशिवाय उभं राहणं शक्य नाही हे मान्य, पण ती हवा ओली आहे, बारीक तुषारही येतात. शनिवारी मी व्हाइस जागेवरून सरकवला तर खाली चहाच्या कपाचा डाग असते तसा गंजाचा गोल. टेबलाच्या कूलरकडच्या अंगाला सगळीकडे तांबूस छटा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. म्हणजे कारण उघड आहे. सॅडलच्या स्लाइडवर पण सुरुवात झाली आहे, तिथं तो गंज तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते आणि मग जिब (स्लाइडचा ढिलेपणा काढायची पट्टी) कितीही आवळा, मधला भाग ढिला आणि टोकाला टेबल जाम, असं होते. तसं झालं तर स्क्रेपिंगशिवाय (हातानं खरवडून परत सपाट करण्याशिवाय) उपाय नाही, आणि ते करणारे हात आता नागपुरात शोधावे लागतील.

मी आज कूलरचं तोंड लेथच्या मागच्या भिंतीकडं वळवते. काम झाल्यावर प्रत्येकानं टेबल पुसून हाताच्या पंज्याएवढ्या कपड्यानं ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल फिरवायचं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि कृपा करून ते निळं प्लास्टिक झाकू नका, त्याच्या आत पाणी सुटते. जुनी सुती चादर आणली आहे, ती टाका. घामाचे हात पण पुसा, मागच्या उन्हाळ्यातले बोटांचे ठसे अजून टेबलावर आहेत.

रसवंतीवाला
मंगळवार, दुपारी २:३०

मी नवीन मेंबर आहे, विचारू का. माझ्या रसवंतीच्या चरखीच्या रोलर शाफ्टची कीवेची खाच फाटली, गिअर फिरते न रोलर उभा. सीझन चालू आहे, रोज धंदा बुडून राहिला. नवीन शाफ्ट घेतला ३० एमएमचा, त्यात खाच इथं होईल का? बाहेर विचारलं तर चार दिवसांनी या म्हणतात.

जुना_फिटर
मंगळवार, दुपारी ३:१०

होते ना भाऊ. ३० च्या शाफ्टला ८ रुंद न ७ उंच चावी (खाचेत बसून गिअर शाफ्टला पकडणारा तुकडा) लागते, शाफ्टमध्ये खाच ४ मिमी खोल. हेड सरळ होऊ द्या आधी, नाहीतर खाचेचा तळ तिरपा येईल न चावी एका काठावर बसून परत तीच खाच फाटेल. जुनी कशानं फाटली ते पण पाहा, चावी ढिली असेल तर दर झटक्याला ठोके बसतात.

एमएस_प्लेट
मंगळवार, रात्री १०:५५

सायकलवेडा न मी दोघांनी मिळून केलं, साडेसातला सुरू केलं ते आता घरी पोहोचलो.

पहिलं वाचन डावं-उजवं ०.३४! काकांनी हिशोबात ०.३५ लिहिलं होतं. ते आकडे पाहून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. समोर-मागचं ०.०३ होतं, ते काकांनी सांगितल्याप्रमाणे तसंच ठेवलं, हात लावला नाही.

पहिल्या फेरीत ०.१६ वर आलं, दुसरीत ०.०६, तिसरीत ०.०१, न मग आवळायला गेलो तर परत ०.०८. खालचा उजवा नट आवळला की काटा धावत जाते. शेवटी सायकलवेडा नट थोडा-थोडा आवळे न मी काटा वाचून सांगे, असं पाऊण तास. सगळं घट्ट झाल्यावर ०.०१. परत स्पिंडल फिरवून तीनदा पाहिलं, ०.०१ च.

मग व्हाइस चढवला, त्याखालचा गंज ताईंनी सांगितलेल्या जागी होता, तो दगडानं साफ केला. फिक्स जॉवर डायल लावून टेबल डावीकडून उजवीकडे चालवलं न जॉ ०.०१ मध्ये सरळ केला. तीच प्लेट परत धरली, ०.२ चा एक हात घेतला. जाळी उठली! पूर्ण प्लेटवर फुली-फुली, जोड कुठं आहे ते नखाला कळतच नाही. प्लेट वाया नाही गेली, १५.४ उरली, मला तेवढी चालते, त्यामुळं पैशाचा विषय संपला.

एक गोष्ट अजून सापडली, ही सगळ्यांनी वाचा. कोलेटच्या डब्यात दोन प्रकारचे आर-एट कोलेट मिसळले आहेत. आपल्या ड्रॉबारचा (कोलेट वर ओढून आवळणाऱ्या लांब बोल्टचा) आटा ७/१६ इंचाचा आहे न नवीन आणलेल्या सेटचा एम १२. दिसायला सारखेच, ड्रॉबार एम १२ च्या कोलेटमध्ये सहज जाते कारण तो बारीक पडते, दोन-तीन आटे कसे तरी धरून आवळल्यासारखं वाटते. कट जड झाला की कोलेट कटरसकट खाली येईल. एम १२ चे सहा निघाले, वेगळ्या डब्यात ठेवून लाल पट्टी लावली. एम १२ चा ड्रॉबार करून घेईपर्यंत ते वापरू नका.

ॲल्युमिनियम_ताई
मंगळवार, रात्री ११:२०

हे फार मोठं काम केलं. मार्चमध्ये माझा १६ चा एंडमिल कटर कापता-कापता खाली सरकला होता आणि खाच ०.३ खोल झाली होती, मी समजत होते की मीच ढिला आवळला. आता कळलं.

सायकलवेडा
बुधवार, सकाळी ७:००

रजिस्टरमध्ये मी एक कॉलम वाढवला आहे, ‘मशीनवर काय हलवलं’. हेड, रॅम, व्हाइस, जिब, बेल्ट, काहीही. पहिली ओळ मीच लिहिली, दोन आठवड्यांआधीची तारीख टाकून. डायल न ब्लॉक मशीनच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत. हेड वळवायचं असेल तर मला फोन करा, मी परत लावून द्यायला येतो, आता हाताला बसलं आहे.

जुना_फिटर
बुधवार, सकाळी ९:४०

शाब्बास रे पोरांनो. मला गुडघ्यानं उभं राहवत नाही, नाहीतर आलो असतो पाहायला. जाळीचा फोटो टाका.

रसवंतीवाले भाऊ, शाफ्ट घेऊन या. जो करून देईल त्यानं ऐका. शाफ्टचा मध्य शोधायला १० चा एज फाइंडर (कड शोधायची दांडी) लावा, शाफ्टच्या बाजूला टेकवून हँडलचा डायल शून्य करा, वर उचला न शाफ्टचा अर्धा १५ अधिक फाइंडरचा अर्धा ५ म्हणजे २० आत जा, बरोबर चार आटे, मोजायची चूकच नाही. टेकवताना हँडल ज्या दिशेनं फिरवत होता त्याच दिशेनं आत जायचं, उलट फिरवलं तर बॅकलॅश (स्क्रूचा ढिलेपणा) मधात येते, आपल्या स्क्रूला ०.४ तरी असेल. ८ च्या कटरनं एकदम खाच काढू नका, जराशी रुंद येते न चावी परत ढिली. ६ चा दोन दातांचा स्लॉट ड्रिल (खाच काढायचा कटर), एचएसएस, १३०० आरपीएम, १-१ मिमी उतरत मधली नाली, मग दोन्ही भिंतीला थोडं-थोडं घेत चावीच बसवून पाहायची, अंगठ्यानं दाबून अर्धी गेली न पुढं हलक्या ठोक्यानं बसली पाहिजे. भिंत घेताना कटरच्या उलट दिशेनं चालवा, नाहीतर ढिल्या स्क्रूत कटर टेबलालाच ओढून घेते न ६ चा कटर तुटायला तेवढं पुरते. हातमोजे घालू नका, चिप्स ब्रशनं काढा.

रसवंतीवाला
बुधवार, सकाळी १०:०५

काका, ताई, सगळ्यांचे आभार. आज सायंकाळी येऊ का शाफ्ट न जुनी चावी घेऊन? चावी कोणाकडे असते वर्कशॉपची?

एमएस_प्लेट
बुधवार, सकाळी १०:२०

माझ्याकडे आहे भाऊ, साडेसहाला उघडतो. गिअर पण आणजो, चावी त्याच्यात पण बसवून पाहावी लागेल.